नक्कल, रुजवात आणि नवे छायाप्रतयंत्र

सरकारी कचेऱ्या, बँका, वकिलांची दप्तरे, महाविद्यालये आणि तालुक्याच्या गावी मामलेदार कचेरीसमोर थाटलेली झेरॉक्सची दुकाने, या सर्व ठिकाणी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक स्थित्यंतर इतक्या निमूटपणे घडून आले की, ज्यांच्या हातून ते घडले त्यांच्याही ध्यानात त्याचे स्वरूप पुरतेपणी आले असेल असे वाटत नाही. काचेवर कागद उपडा ठेवावा, झाकण लावावे, कळ दाबावी आणि बाजूने ऊबदार छायाप्रत बाहेर यावी, हा क्रम पूर्वी होता तोच आजही आहे. परंतु कळ दाबल्यापासून प्रत हाती येईपर्यंतच्या अल्पशा अवधीत यंत्राच्या पोटात जे घडते ते मात्र आमूलाग्र पालटले आहे. जुन्या ॲनालॉग यंत्राहून नवे डिजिटल यंत्र सरस आहे काय, या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर विक्रेत्याच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेले असते आणि ते बहुतांशी खरेही आहे. तथापि ते सरस कशामुळे ठरले, त्याच्या कोणत्या गुणांचे श्रेय डिजिटल पद्धतीचे व कोणत्या गुणांचे केवळ कालमानाने होत गेलेल्या सुधारणांचे, आणि या सरसपणाबरोबरच कचेरीत कोणती नवी जोखीम दाखल झाली, याची चर्चा आपल्याकडे फारशी झालेली नाही. माझ्या मते या सर्व प्रश्नांचे मूळ एकच आहे. मूळ कागद पाहणे आणि त्याची प्रत उठविणे ही दोन कामे जुन्या यंत्रात एकजीव होती. नव्या यंत्रात ती विलग झाली, आणि त्या दोहोंच्या मध्ये स्मृती येऊन बसली. नव्या यंत्राचे यच्चयावत लाभ या विलगतेतून निघाले आहेत व त्याचे धोकेही तिच्यातूनच निघाले आहेत.

नक्कल काढणे हे काम आपल्या दप्तरांना नवे नाही. पेशव्यांच्या फडावर बोरूने नकला उतरविणाऱ्या कारकुनांपासून इंग्रजी अमलातील कचेऱ्यांपर्यंत ते हातानेच चाले, आणि हाताने केलेल्या कामात चूक होणारच हे गृहीत धरूनच त्याची व्यवस्था लावलेली असे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून मिळणाऱ्या जुन्या नकलांच्या तळाशी नक्कल करणार, वाचणार आणि रुजवात घेणार अशा तिघांच्या सह्या आढळतात, त्यांचे प्रयोजन हेच. एकाने लिहावे, दुसऱ्याने मूळ दस्त मोठ्याने वाचावा आणि तिसऱ्याने अक्षरशः ताडून पाहावा, असा हा सावध रिवाज होता. पुढे कार्बनचा कागद आला, सायक्लोस्टाईल आले. परंतु ही साधने नव्याने लिहिलेल्या मजकुराच्या अनेक प्रती काढण्याच्या कामाची, अगोदरच अस्तित्वात असलेल्या दस्ताची हुबेहूब प्रतिकृती देणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. ते काम छायाचित्रण करू शके, आणि मुंबई इलाख्यात नोंदणीच्या दस्तांची छायाचित्रे काढून ठेवण्यासाठी पुण्यात सरकारी फोटो रजिस्ट्री चालविली जात असे. परंतु अंधारी खोली, रसायने आणि प्रशिक्षित माणूस यांवाचून जे होत नाही ते साध्या कचेरीच्या रोजच्या उपयोगाचे नव्हते.

ही अडचण ज्याने दूर केली तो चेस्टर कार्लसन हा स्वतः एका अर्थी कारकुनीच करीत होता. पदार्थविज्ञानाचे शिक्षण घेतलेला हा तरुण न्यूयॉर्कमधील एका विद्युत्-साहित्याच्या कंपनीत पेटंट विभागात नोकरीस होता, आणि पेटंटच्या कागदांच्या व आकृत्यांच्या पुरेशा प्रती कधीच हाती नसणे ही त्याची नित्याची व्यथा होती. अस्टोरिया या उपनगरात भाड्याने घेतलेल्या लहानशा खोलीत, ऑटो कोर्नाय या निर्वासित ऑस्ट्रियन सहायकासह, 22 ऑक्टोबर 1938 रोजी त्याने गंधकाचा लेप दिलेली जस्ताची पट्टी रुमालाने घासून विद्युत्भारित केली. काचेवर शाईने लिहिलेली तारीख व गावाचे नाव तिच्यावर धरून काही क्षण प्रकाश पाडला. मग लायकोपोडियमची बारीक भुकटी टाकून फुंकर मारली, आणि जेथे अक्षरांची सावली पडली होती तेथेच भुकटी चिकटून राहिली. मेणकागदावर उचललेली ती अक्षरे ही या विद्येची पहिली प्रत होय. 1942 साली त्याला पेटंट मिळाले. परंतु वीसहून अधिक मोठ्या कंपन्यांनी या कल्पनेत स्वारस्य दाखविले नाही. अखेर 1944 मध्ये ओहायोतील बॅटेल संस्थेने व तिच्या पाठोपाठ रोचेस्टरच्या हॅलॉइड या छायाचित्र-कागदाच्या मध्यम आकाराच्या कंपनीने ती उचलून धरली. 16 सप्टेंबर 1959 रोजी लोकांपुढे आलेले याच कंपनीचे झेरॉक्स 914 हे यंत्र सुमारे 295 किलो वजनाचे होते आणि मिनिटाला सात प्रती देई. कागद तापून पेट घेण्याची भीती असल्यामुळे त्याच्यासोबत अग्निशामक नळकांडेही पुरविले जाई. एवढे असूनही कचेऱ्यांनी ते डोक्यावर घेतले, कारण साध्या कागदावर, कोणत्याही रसायनावाचून, कोणत्याही कारकुनाला अर्ध्या तासात शिकता येईल अशा रीतीने मूळ दस्ताची प्रतिकृती ते देत होते. भारतात हे तंत्र मोठ्या प्रमाणावर पसरले ते 1980 नंतर, आणि त्याने न्यायालयांच्या आवारातील व विद्यापीठांच्या परिसरातील अर्थव्यवहाराचा एक संपूर्ण थर उभा केला.

ॲनालॉग यंत्राचे सौंदर्य त्याच्या सरळपणात होते. काचेखालून एक प्रखर दिवा सरकत जाई, कागदावरून परतलेला प्रकाश आरशांच्या व भिंगाच्या मार्गाने थेट प्रकाशसंवेदी ड्रमवर पडे, उजळ भागावरील विद्युत्भार निघून जाई व अक्षरांच्या जागी तो राही, त्या जागी टोनरची भुकटी ओढली जाई, ती कागदावर उतरे आणि तापलेल्या रुळांमधून जाताना वितळून पक्की बसे. म्हणजे मूळ कागद आणि ड्रम यांच्यामध्ये प्रकाशावाचून दुसरे काहीही नव्हते, आणि प्रत ही मूळ दस्ताची शब्दशः छाया होती. याच सरळपणामुळे त्याला मर्यादाही पडल्या. ड्रमवरील प्रतिमा एका प्रतीपुरतीच असे. दुसरी प्रत हवी तर दिवा पुन्हा सरकला पाहिजे आणि मूळ कागद पुन्हा प्रकाशला पाहिजे. बारा पानांच्या टिपणाच्या पंचवीस प्रती समितीच्या सभासदांना द्यावयाच्या असल्यास दिव्याच्या तीनशे खेपा अटळ होत्या, आणि पाने लावण्यासाठी सॉर्टर नावाचे कप्प्यांचे अवजड उपांग जोडावे लागे, ज्याला वीसच कप्पे असले तर उरलेल्या पाच संचांसाठी सर्व काम पहिल्यापासून पुन्हा करावे लागे. प्रत लहानमोठी करावयाची तर भिंग व आरसे जागचे हलावे लागत. या हलत्या भागांच्या झिजेतूनच वारंवार होणारे बिघाड, काळवंडलेल्या कडा आणि तिरक्या ओळी निर्माण होत.

डिजिटल यंत्रात कागदावरून परतलेला प्रकाश ड्रमपर्यंत जातच नाही. तो प्रकाशग्राही घटकांच्या एका ओळीवर पडतो, तेथे त्याचे अंकांत रूपांतर होते, ते अंक स्मृतीत साठतात, आणि मग त्या अंकांबरहुकूम एक लेसर किरण फिरत्या बहुकोनी आरशावरून ड्रमवर ठिपक्याठिपक्याने प्रतिमा रेखाटतो. लेसरने ड्रमवर लिहिण्याची कल्पना गॅरी स्टार्कवेदर या अभियंत्याची. तिच्यावर आधारलेले झेरॉक्स 9700 हे मुद्रणयंत्र 1977 मध्ये बाजारात आले. वाचन व लेखन ही दोन्ही अंगे एकत्र आणून कचेरीच्या मोठ्या कामाला जुंपणारे डॉक्युटेक हे यंत्र 1990 मध्ये आले. इंचाला सहाशे ठिपके या सूक्ष्मतेने ते मिनिटाला 135 पाने छापी. लहान कचेऱ्यांपर्यंत ही पद्धत पोहोचण्यास आणखी काही वर्षे लागली, आणि ती पोहोचली तेव्हा छायाप्रत, मुद्रण, फॅक्स व स्कॅन ही चार कामे एकाच पेटीत आली, कारण जेथे कागदाचे अंक झाले तेथे ते ड्रमकडे पाठवावे, तारेने दुसऱ्या गावी पाठवावे की संगणकात ठेवावे, हा केवळ मार्ग निवडण्याचा प्रश्न उरला.

लाभांचा हिशेब करताना पहिला मान मी एकदाच वाचण्याच्या गुणाला देईन. वरील उदाहरणातील बारा पाने नवे यंत्र बारा वेळाच वाचते आणि तीनशे पाने लावलेल्या संचांसह बाहेर काढते. वेळेची बचत यात आहेच. त्याहून मोठी गोष्ट ही की मूळ कागदाला एकदाच हात लागतो. ज्यांनी जुन्या दप्तरांत काम केले आहे त्यांना याचे मोल निराळे सांगावयास नको. मोडीतील रुमाल, कसर लागलेली इनामाची कागदपत्रे, स्पर्श होताच कडा गळणारी यंत्रनिर्मित कागदावरील विसाव्या शतकाच्या आरंभीची रजिस्टरे, यांना प्रत्येक प्रतीगणिक उपडे करून दाबणे व प्रखर प्रकाशाखाली धरणे म्हणजे अभ्यासाच्या निमित्ताने त्यांचा क्षय ओढवून घेणे होते. आज एकदा काळजीपूर्वक घेतलेल्या वाचनातून पुढच्या सर्व अभ्यासकांना प्रती देता येतात, आणि दहावी प्रत पहिलीइतकीच स्वच्छ निघते. ॲनालॉग पद्धतीत प्रतीवरून प्रत काढीत गेले म्हणजे प्रत्येक पिढीगणिक अक्षर जाड, मग तुटक आणि अखेर अवाच्य होत जाई; परीक्षेच्या काळात वसतिगृहांतून फिरणाऱ्या टिपणांवरून ही गोष्ट एका संपूर्ण विद्यार्थीवर्गाने अनुभवली आहे. मात्र नव्या यंत्राचा हा गुण स्मृतीतून पुन्हा छापतानाच लागू पडतो. कागदी प्रत पुन्हा काचेवर ठेवली की ऱ्हासाचा जुना नियम पुन्हा चालू होतो.

दुसरा लाभ संस्काराचा. अंकांत आलेल्या प्रतिमेवर यंत्र विचार करू शकते: पिवळ्या पडलेल्या कागदाची पार्श्वभूमी उजळविणे, जाड ग्रंथाच्या शिवणीजवळ पडणारी काळी सावली पुसणे, अक्षरे कोणती व छायाचित्र कोणते हे ओळखून दोहोंना निराळी वागणूक देणे. जुन्या यंत्रांतून छायाचित्र काढले की चेहरा पांढरा सपाट किंवा काळा ठिक्कर होई. ओळखपत्राच्या प्रतीवरून माणूस ओळखणे दुरापास्त होते. आज ती तक्रार उरली नाही. देवनागरीच्या वाचकाला या संस्काराचा विशेष उपयोग आहे, कारण आपल्या लिपीत अनुस्वाराचा बिंदू, रफार, मात्रा आणि उकार ही सारी लहान चिन्हे अर्थ वाहतात, व ती फिकट शाईत असली की ॲनालॉग यंत्र त्यांना सहज गिळून टाकी. परंतु येथे यंत्राच्या हाती स्वातंत्र्य दिलेले असते हे विसरता कामा नये. पार्श्वभूमी उजळविणारा तोच संस्कार पेन्सिलीने लिहिलेला अधिकाऱ्याचा शेरा किंवा पुसट झालेला निळा शिक्काही पार्श्वभूमी समजून काढून टाकू शकतो. आणि कागद आपोआप ओढून घेणाऱ्या फीडरखालील काचेच्या अरुंद पट्टीवर धुळीचा एक कण बसला तर तो ठिपका न राहता पानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उभी काळी रेघ होऊन उमटतो. काच मऊ फडक्याने पुसणे हा त्यावरचा उपाय. फीडरची ती पट्टी नजरेआड असल्यामुळे कित्येक कचेऱ्यांत मुख्य काच पुसली जाते आणि हिची आठवण कोणास होत नाही.

काही गुण डिजिटल पद्धतीच्या नावे उगीचच मांडले जातात, तेही सांगणे न्यायाचे होईल. टोनर व ड्रम एकत्र असलेले, ग्राहकाने स्वतः बदलावयाचे काडतूस कॅननच्या ॲनालॉग यंत्रांत 1982 सालीच आले होते. ओझोन वायूचा दर्प कमी झाला तो विद्युत्भार देणाऱ्या तारेऐवजी रुळ आल्यामुळे. सेलेनियमचे ड्रम जाऊन सेंद्रिय लेपाचे ड्रम आले, टोनरचे कण बारीक झाले, या सुधारणा दोन्ही पद्धतींना सारख्याच उपयोगी होत्या. ड्रम, टोनर आणि तापलेला रुळ हा कार्लसनच्या कल्पनेचा उत्तरार्ध नव्या यंत्रातही जसाच्या तसा आहे, आणि म्हणूनच कोकणातील पावसाळ्यात दमट झालेला कागद अडकतो तो नव्या यंत्रातही अडकतो. दुरुस्तीच्या बाबतीत तर तराजू जुन्या यंत्राच्या बाजूने झुकतो. ॲनालॉग यंत्राचा बिघाड डोळ्यांना दिसे; गावातला हुशार कारागीर आरसा पुसून, दोरी बदलून, दिवा नवा बसवून ते उभे करी. नव्या यंत्राचा मंडल-फलक जळाला, किंवा वीज कमीजास्त होऊन त्याची स्मृती बिघडली, तर कंपनीच्या माणसाची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते, आणि कंपनीने सुटे भाग पुरविणे थांबविले की धडधाकट यंत्रही भंगारात जाते. लहान दुकानदारासाठी ही बाब क्षुल्लक नाही. वार्षिक देखभालीच्या कराराची रक्कम त्याच्या नफ्याचा मोठा हिस्सा खाते.

आता धोक्यांकडे वळू. इंचाला सहाशे ठिपके या मानाने ए-फोर आकाराच्या एका पानात सुमारे 3 कोटी 48 लाख ठिपके असतात. निव्वळ काळे-पांढरे धरले तरी त्यांना सव्वाचार मेगाबाइटांहून अधिक जागा लागते. ती वाचविण्यासाठी प्रतिमा आक्रसून साठविण्याच्या ज्या पद्धती निघाल्या, त्यांपैकी जेबिग-टू या पद्धतीत एकसारख्या दिसणाऱ्या अक्षरांचे एकच चित्र ठेवून ते सर्व जागी वापरण्याची मुभा आहे. 2013 साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या निदर्शनास आले की, एका बांधकामाच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे 14.13, 21.11 आणि 17.42 चौरस मीटर अशी स्पष्ट असताना झेरॉक्स वर्कसेंटर यंत्राने स्कॅन केलेल्या प्रतीत तिन्ही ठिकाणी 14.13 हाच आकडा सुबक, स्वच्छ अक्षरांत उमटला होता. हा दोष स्कॅन करून फाईल बनविताना येई, साधी छायाप्रत काढताना नव्हे, आणि कंपनीने पुढे त्यावर दुरुस्ती दिली. तथापि या घटनेतून मिळणारा धडा त्या एका कंपनीपुरता नाही. ॲनालॉग यंत्राची चूक ही डागाळलेली, पुसट, तुटकी असे, म्हणजे ती चूक आहे हे पाहताक्षणी कळे. येथील चूक निर्दोष अक्षराचे रूप धारण करते. आपल्या देवनागरी अंकांत १ आणि ९ यांचे साम्य किती, आणि जुन्या सातबाऱ्यावरील गट क्रमांकात किंवा क्षेत्राच्या रकान्यात त्या एका वळणाने काय अनर्थ होऊ शकतो, हे ध्यानी घेतले म्हणजे महत्त्वाच्या दस्तांच्या स्कॅनिंगमध्ये असल्या पद्धतीला मज्जाव असावा हे माझे मत आग्रही का आहे ते कळेल.

कायद्याच्या अंगानेही या गोष्टीला महत्त्व आहे. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याने दुय्यम पुराव्यात, ज्या यांत्रिक क्रियेत अचूकपणाची हमी अंगभूत आहे अशा क्रियेने काढलेल्या प्रतींचा समावेश केला होता, आणि छायाचित्र मूळ दस्ताशी ताडून पाहिलेले नसले तरी ते त्या दस्ताचेच आहे एवढे सिद्ध झाल्यास चालेल असे उदाहरणही दिले होते. प्रकाशाच्या सरळ मार्गावर त्या काळच्या कायदेपंडितांनी टाकलेला हा विश्वास ॲनालॉग यंत्राने सार्थ केला. डिजिटल यंत्रात मात्र प्रकाश आणि प्रत यांच्यामध्ये गणिती प्रक्रिया येते, आणि ती अचूकपणाची अंगभूत हमी देते असे बिनशर्त म्हणता येत नाही. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्रात फाईलचे हॅश मूल्य नमूद करण्याची तरतूद आहे. फाईल नंतर बदललेली नाही हे त्यावरून समजते. ती तयार होतानाच मूळ कागदाशी जुळत होती काय, हे समजत नाही. त्यासाठी माणसाच्या डोळ्यांनी घेतलेली रुजवातच हवी, निदान आकड्यांच्या, नावांच्या आणि सीमांच्या रकान्यांपुरती तरी. महाराष्ट्रात नोंदणीचे दस्त आता स्कॅन करून ठेवले जातात आणि जमिनीचे जुने अभिलेखही त्याच मार्गाने चालले आहेत. हे काम ठेकेदाराकडून पानांच्या दराने करून घेताना रुजवातीचा दर निराळा धरला जावा, अन्यथा वेगाच्या हिशेबात ती पहिल्याने गळून पडेल.

राहता राहिला स्मृतीचा प्रश्न. ॲनालॉग यंत्रातून प्रत बाहेर पडली की यंत्रात तिचे काही उरत नसे. मोठ्या डिजिटल यंत्रांत संगणकासारखी हार्ड डिस्क असते आणि तिच्यावर वाचलेल्या पानांच्या प्रतिमा राहू शकतात. 2010 मध्ये सीबीएस या अमेरिकन वृत्तसंस्थेने वापरलेली काही यंत्रे गोदामातून विकत घेऊन त्यांच्या डिस्का तपासल्या, तेव्हा बफेलो शहरातील पोलिसांचे गुन्ह्यांचे कागद आणि एका आरोग्यविमा संस्थेकडील रुग्णांची माहिती त्यांत सापडली. भाड्याची यंत्रे परत करताना डिस्क पुसली नाही म्हणून त्या विमा संस्थेला 2013 मध्ये 12 लाख डॉलरांहून अधिक रक्कम भरावी लागली. आपल्याकडे परदेशातून आलेली जुनी, पुन्हा सज्ज केलेली यंत्रे दुकानांतून सर्रास चालतात, आणि त्याच दुकानांत आपण आधार, पॅन, बँकेचे पासबुक, रुग्णालयाचे कागद व मृत्युपत्रे निःशंकपणे काचेवर ठेवतो. डिस्कवरील मजकूर कूटरूपात ठेवण्याची व प्रत्येक कामानंतर तो खोडण्याची सोय बहुतेक उत्पादक देतात, परंतु ती अनेकदा मागून घ्यावी लागते किंवा चालू करावी लागते. कचेरीने यंत्र भाड्याने घेताना करारात केवळ मिनिटाला किती पाने व एका प्रतीस किती पैसे एवढेच न लिहिता, मुदत संपल्यावर डिस्क काढून कचेरीच्या ताब्यात द्यावी अथवा कचेरीच्या माणसासमक्ष खोडावी, असे कलम घालावे; आणि यंत्र निर्लेखित करून लिलावात काढताना भांडारपालाने जडसंग्रह नोंदवहीत यंत्राची नोंद कमी करण्यापूर्वी डिस्कची विल्हेवाट कशी लावली याचा शेरा त्याच ओळीत लिहून त्याखाली सही करावी.